अंगणातील हिरवळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



घरापुढची हिरवळ बाराही महिने कशी राखावी, यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा आपल्या चिटणीसबाईंनी मला केली आहे. मी या शास्त्रातील पदवीधर नव्हे. पुण्यातील आमच्या घरापुढे सुमारे १००० चौरस फुटांची हिरवळ मी वीस-बावीस वर्षे सांभाळीत आले, एवढाच माझा अधिकार. त्यात चुका पुष्कळ झाल्या. सर्वांत मोठी चूक शेवटी सांगेन.

आपल्याकडे हिरवळीला हरळीसारखे चिवट गवत नाही. गणपतीला आपण दूर्वा वाहतो, ती हीच. तिला ऊन मात्र भरपूर हवे. आमच्या आंब्याखाली मी तीन वेळा हरळी लावली आणि तिन्ही वेळा ती विरळ होत नाहीशी झाली. शेवटी तिथे बाक टाकला, आणि आंबा व हरळी दोघांशीही माझा समेट झाला.

नवी हिरवळ करायची तर एप्रिल-मेमध्ये जमीन फूटभर खणून उन्हात तापू द्यावी. दगडगोटे व लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढाव्यात आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. कच्चे शेण घालणे म्हणजे हुमणीला आमंत्रण देणे! पाऊस लागला की हरळीचे मुळांसकट तुकडे तीन-चार इंचांच्या अंतराने टोचावेत. पाणी तुंबू नये म्हणून जमिनीला बेताचा उतार ठेवावा.

पावसाळ्यात हिरवळ हां हां म्हणता वाढते. आठ दिवसांनी कापावी, पण एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नाही. तणांपैकी लव्हाळा मोठा लबाड. नुसता उपटला तर पाते हाती येते, गाठ जमिनीत राहून पुन्हा फुटते. म्हणून खुरप्याने गाठीसकट काढावा. गाजरगवत फुलण्यापूर्वीच, हातमोजे घालून उपटावे. त्याने पुष्कळांच्या अंगाला खाज सुटते. थंडीत हरळीची वाढ मंदावते, रंगही थोडा उतरतो. तेव्हा घाबरून खताचा मारा करू नये; ती विसावा घेत असते.

आता उन्हाळा. रोज वरवर शिंपडल्याने मुळे वरच राहतात. त्यापेक्षा आठवड्यातून एकदोनदा, भल्या सकाळी, खोल मुरेल असे पाणी द्यावे. हे मी नेमाने करीत असे, आणि हिरवळीवर मुलांनी पाऊल टाकू नये म्हणून पाटीही लावली होती.

२०१६ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. क्रिकेटच्या मैदानांना लागणाऱ्या पाण्याचा प्रश्न न्यायालयात गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलविण्यास सांगितले. मी वर्तमानपत्र वाचून मान डोलावली आणि बाहेर जाऊन आमच्या विंधणविहिरीची नळी हिरवळीवर सोडली!

तेवढ्यात आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी दाराशी येऊन म्हणाल्या, "वहिनी, जाताना या नळीचे दोन हंडे भरून नेऊ का? आमच्या नळाला आज पाणी आलंच नाही."

त्या सहज बोलल्या, पण मला मान वर करवेना. त्यांचे हंडे भरून दिले आणि रात्री हिशेब मांडला. हजार चौरस फुटांवर इंचभर पाणी म्हणजे सुमारे २३०० लिटर, पंधरा लिटरचे दीडशेहून अधिक हंडे! आणि हे दर आठवड्याला.

दुसऱ्या दिवसापासून नळी बंद केली. मावशी रोज लागेल तेवढे पाणी नेऊ लागल्या. हिरवळीच्या वाट्याला तांदूळ-भाजी धुतलेले पाणी तेवढे राहिले, तेही पाळीपाळीने. महिन्याभरात ती चटईसारखी पिवळी पडली. "गेली तुमची हिरवळ," असे घरात सगळे म्हणाले. मलाही तसेच वाटून एकदा डोळ्यांत पाणी आले. पण हरळी वरून वाळली तरी जमिनीखालच्या तिच्या कांड्या जीव धरून असतात. पावसाच्या दोन-चार चांगल्या सरी झाल्या आणि आठ-दहा दिवसांत पिवळ्यातून हिरवे कोंब वर आले. एका कोपऱ्यात तेवढी पुन्हा लावावी लागली.

त्या वर्षी ती पाटीही काढली. नवरात्रात मधोमध हत्तीचा पाट मांडून आम्ही भोंडला केला. मावशींच्या दोन्ही नाती फेरात होत्या. दुसऱ्या दिवशी पाहते तो गवतावर पावलांचे गोल रिंगण उमटलेले. पूर्वी मी कपाळाला हात लावला असता. आता ठाऊक होते की दिवाळीपर्यंत हरळी ते भरून काढील. तिने काढलेही.

तेव्हापासून उन्हाळ्यात आमची हिरवळ पिवळीच असते. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते कारणासह सांगते. यंदाचा भोंडलाही तिथेच आहे. आपण सर्वांनी अवश्य यावे, आणि येताना चपला दाराशी काढाव्यात, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.