गोन्सालोची गोष्ट : एक राहिलेला गृहपाठ

(शाळेच्या हीरकमहोत्सवानिमित्त नोएडा येथे भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



ज्या नोएडात आज आपण जमलो आहोत, ते शहर १९७६ साली वसले. वसईतली आपली शाळा त्याहून वयाने मोठी आहे. नोकरी-व्यवसायानिमित्त दिल्लीच्या परिसरात स्थिरावलेल्या आपणा सर्वांना आज तिच्याच नावाने एकत्र आणले. संयोजकांनी मला ‘वसईचा वारसा’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली आहे. विषय मोठा आहे. मी त्यातला एकच धागा घेतो, कारण तो माझा राहून गेलेला गृहपाठ आहे.

सातवीत असताना आमची सहल वसईच्या किल्ल्यात गेली होती. भग्न चर्चच्या कमानीखाली डबे उघडण्याआधीच माझे आणि एका ख्रिस्ती वर्गमित्राचे भांडण जुंपले. मी म्हणालो, “आमच्या चिमाजी आप्पांनी हा किल्ला तुमच्याकडून घेतला.” तो म्हणाला, “आमच्या गोन्सालोने देवासाठी जीव दिला. तुमच्यात कोणी दिला?” गुरुजी जवळच होते. ते रागावले नाहीत. त्यांनी मला सांगितले, “पुढच्या शनिवारी गोन्सालोची गोष्ट वर्गात तू सांगायचीस.” मित्राला म्हणाले, “आणि पोर्तुगिजांच्या भयाने गोव्यातून देव घेऊन निघालेल्या माणसांची गोष्ट तू सांगायचीस.”

मी माझी गोष्ट पाच मिनिटांत उरकली. ती आज नीट सांगतो.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथली. वसईत जेझुइट पाद्र्यांच्या हाताखाली ते शिकले आणि सुमारे पंधराव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथली भाषा त्यांनी अशी आत्मसात केली की, धर्मशिक्षणाच्या कामात त्यांचा मोठा आधार झाला. त्या संघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. मग त्यांनी व्यापार केला, त्यात जम बसवला, आणि पुढे तो सोडून मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू म्हणून प्रवेश घेतला. १५९३ साली पेद्रो बाप्तिस्ता यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिन्सहून जपानला शिष्टमंडळ गेले, तेव्हा त्यात दुभाषी म्हणून वसईचे हे गोन्सालो होते. क्योतोमध्ये या बंधूंनी गोरगरिबांसाठी आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालवली.

जपानचे सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांनी १५८७ सालीच धर्मप्रसारकांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, पण त्याची अंमलबजावणी सैल होती. १५९६ साली ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले आणि त्या प्रकरणातून संशय बळावला की, आधी पाद्री येतात आणि मागून सैन्य. धरपकड झाली. क्योतोमध्ये कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला, आणि ऐन हिवाळ्यात महिनाभर गावोगाव धिंड काढत त्यांना नागासाकीला नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी ठार करण्यात आले. त्यांतले वीस जण जपानी होते. सर्वांत लहान लुईस इबाराकी बारा वर्षांचा होता. चौदा वर्षांच्या थॉमस कोझाकीने वाटेवरून आईला पत्र लिहिले, त्यात धाकट्या भावांची काळजी होती. पॉल मिकी यांनी क्रुसावरून बोलताना मारणाऱ्यांना क्षमा केली. गोन्सालो तेव्हा चाळिशीच्या घरात होते. १८६२ साली पोप पायस नववे यांनी या सव्वीस जणांना संतपद दिले. भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून गोन्सालो यांचे नाव घेतले जाते.

अशा मरणाला आपण ‘हौतात्म्य’ म्हणतो. युरोपीय भाषांतला त्यासाठीचा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा मूळ अर्थ मात्र ‘साक्षीदार’ एवढाच आहे. ख्रिस्ती मराठीतला ‘रक्तसाक्षी’ हा शब्द त्या अर्थाला जवळचा. साक्षीदाराचे काम जिंकणे नसते. जे आपल्याला खरे वाटले ते नाकारायचे नाही, एवढेच त्याच्या हाती असते.

या गोष्टीचा उत्तरार्ध मला सातवीत ठाऊक नव्हता. १६१४ साली जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. पुढची सुमारे अडीचशे वर्षे नागासाकीच्या आसपासची शेतकरी आणि कोळी कुटुंबे तो धर्म गुपचूप पाळत राहिली. पाद्री नव्हते, चर्च नव्हते, ग्रंथ जवळ बाळगणे जिवावर बेतणारे होते. बाप्तिस्मा गावातलाच कोणी जाणता माणूस देई. प्रार्थना तोंडपाठ करून मुलांना दिल्या जात. अधिकारी येशूची किंवा मारियेची प्रतिमा जमिनीवर ठेवून तीवर पाय द्यायला लावत. कित्येकांनी पाय दिला, आणि घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना केली. त्यांना भ्याड म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. नातवंडांपर्यंत श्रद्धा पोचली ती त्यांच्याच घरांतून. १८६५ साली नागासाकीत त्या सव्वीस हुतात्म्यांच्याच नावाने फ्रेंच पाद्र्यांनी चर्च बांधले, तेव्हा उराकामी गावचे काही लोक तिथे आले आणि आमचे व तुमचे मन एकच आहे, असे त्यांनी हळूच सांगितले. त्यानंतरही त्या गावच्या ३,०००हून अधिक लोकांना हद्दपारी भोगावी लागली आणि त्यांतले ६००हून अधिक दगावले. बंदी उठली ती १८७३ साली.

आता माझ्या मित्राची गोष्ट. गोन्सालो वसईत लहानाचे मोठे होत होते, त्याच काळात गोव्यात पोर्तुगीज सत्ता देवळे पाडत होती. १५६० साली तिथे धर्मसमीक्षण न्यायालय सुरू झाले. कुठ्ठाळीचा मंगेश नदीपलीकडे प्रियोळला नेण्यात आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. शेतीवाडी आणि पिढीजात घरे मागे टाकून माणसे निघाली, कारण त्यांनाही आपला देव नाकारायचा नव्हता. माझ्या मित्राने हे सारे आपल्या आजोबांकडून आणि गुरुजींकडून विचारून, लिहून आणले होते. “आमच्या धर्माच्या राजवटीने हे केले,” असे तो वर्गात म्हणाला, आणि त्याचा आवाज कापला. ज्या क्रुसासमोर जपानमध्ये माणसे मरत होती, त्याच क्रुसाच्या नावाने इकडे दुसऱ्यांची घरे सुटत होती, हे तेरा वर्षांच्या त्या मुलाने कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले. हिदेयोशींचा संशय क्रूर रीतीने व्यक्त झाला, पण तो हवेतून आलेला नव्हता, हे गोवा आणि वसई पाहिलेल्या आपल्याला कळू शकते. आणि १७३९ साली वसई मराठ्यांकडे आली तेव्हा मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक तहात होती, हेही कळायला हवे. माझ्या मित्राचे पूर्वज त्याच मोकळिकीत तिथे राहिले, म्हणून आम्ही एका बाकावर बसू शकलो.

गुरुजींनी आम्हाला काय शिकवले ते समजायला मला बरीच वर्षे लागली. आपल्या माणसांनी सोसलेले सांगणे सोपे असते. त्यात अभिमान असतो, आणि तो रास्तही असतो. पण आपल्या हुतात्म्याचा खरा मान दुसऱ्याने सोसलेले आपण कसे सांगतो यावर ठरतो. गोन्सालो दुभाषी होते. एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या भाषेत प्रामाणिकपणे पोचवणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम होते.

पालकहो, नोएडात मराठी जपताना आपल्याला कष्ट पडतात, पण आपला कोणी छळ करत नाही. त्या जपानी कुटुंबांशी आपली तुलना करणे त्यांचा अवमान ठरेल. त्यांच्याकडून एवढेच घ्यावे की, जे टिकले ते घरात, रोज, तोंडाने सांगितल्यामुळे टिकले. मुलांना वसईची गोष्ट सांगा. सांगताना गोन्सालोंची सांगा आणि प्रियोळच्या वाटेवरच्या माणसांचीही सांगा; आणि जमल्यास शेजारच्या मुलाच्या तोंडून आपली गोष्ट ऐका.

माझा तो मित्र आज वसईतच आहे. हे भाषण स्मरणिकेत छापले जाईल तेव्हा तो वाचील आणि गृहपाठ तपासून देईल, अशी आशा आहे. उशिराबद्दल गुरुजींची क्षमा मागतो.