११४ दिवसांचा हिशेब



मघाशी माझी ओळख करून देताना ‘ही डेन्मार्कच्या डुकरांचं सॉफ्टवेअर लिहिते’ असं म्हटल्यावर मागच्या बाकावर हशा झाला. बाकही तोच आणि हसणारेही तेच!

डुकरिणीचा गाभणकाळ साधारण ११४ दिवसांचा. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस, असा तो लक्षात ठेवतात. पिल्लं चारेक आठवडे अंगावर पितात. ती तोडली की चार ते सात दिवसांत आई पुन्हा माजावर येते. म्हणजे वर्षाला दोनाहून थोडी जास्त वेतं. माज हुकला किंवा रेतन फसलं, तर पुढचा माज २१ दिवसांनी. तेवढे दिवस भाकड; खाद्य चालू, पिल्लू नाही. मोठ्या फार्मचा नफातोटा या भाकड दिवसांत असतो. म्हणून नर डुक्कर तिच्या तोंडासमोर आणतात आणि माणूस तिच्या पाठीवर दाब देतो. माजावर असली तर ती खांबासारखी उभी राहते. हे ओळखणारं यंत्र माझ्याकडे नाही. माझ्याकडे फक्त नोंदी.

बीजांड नेमकं कधी सुटेल ते बाहेरून कळत नाही, म्हणून एकाच माजात साधारण एक दिवसाच्या अंतराने दोनदा रेतन करतात. मी नियम लिहिला: २४ तासांच्या आतलं रेतन त्याच माजातलं, त्यापुढचं म्हणजे डुकरीण उलटली. दोनदा उलटलेलीचं नाव विक्रीच्या यादीत जायचं आणि गाभण तपासणीच्या यादीतून आपोआप गळायचं. माझ्या चाचणीतल्या सगळ्या डुकरिणींना बरोबर २४ तासांनी दुसरा डोस मिळत होता. कारण तो डेटा मीच तयार केला होता, पुण्यात, एसीत बसून.

फार्मवर काय होतं? आज सकाळी सात, उद्या सकाळी नऊ. २६ तास.

काही आठवड्यांनी फोन आला. विकलेल्या एका डुकरिणीच्या पोटात कत्तलखान्यात पिल्लं सापडली होती. आधी ती खरोखर एकदाच उलटली होती. दुसऱ्यांदा तिला मी उलटवलं.

मी तिथे गेले तेव्हा मला वाटलं, आता बोलणी बसणार. फार्म सांभाळणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, “तुमची यादी इतके दिवस बरोबर यायची, म्हणून आम्ही डुकरिणीकडे बघणं सोडलं.” त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

चुकीचं मोजणं मोठ्यांनाही चुकलेलं नाही, हे मला नंतर कळलं. जास्त पिल्लं जन्मावीत म्हणून डेन्मार्कमध्ये वर्षानुवर्षं निवड केली. पिल्लं वाढली, तशी मरणारीही वाढली. २००४ पासून ते पाचव्या दिवशी किती जिवंत आहेत ते मोजू लागले. आजही कित्येकदा आईच्या सडांपेक्षा पिल्लं जास्त असतात आणि वरची पिल्लं दुसऱ्या दाईकडे द्यावी लागतात.

नियम दुरुस्त व्हायला दहा मिनिटं लागली. आता विक्रीच्या यादीतलं नाव आपोआप पक्कं होत नाही. कुणीतरी गोठ्यात जाऊन, तिला नर दाखवून, मग बटण दाबायचं. काही ग्राहक यावर कुरकुरतात, वेळ जातो म्हणतात. मी ते बदललेलं नाही.

त्या डुकरिणीच्या कानातला नंबर आणि २६ तासांची नोंद अजून माझ्या चाचणीत आहे. बाकीचं जेवताना विचारा. मागच्या बाकाने आधी विचारलं तरी चालेल.