नेटवर्किंग शिकायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळी नाश्त्याच्या रांगेत तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, "मुलाला नेटवर्किंगच्या क्लासला घालू का? फी भरपूर आहे, पण सर्टिफिकेट हमखास म्हणतात." मी हेच काम करते आणि नव्या मुलांच्या मुलाखतीही घेते, म्हणून संयोजकांनी दिलेल्या दहा मिनिटांत याचंच उत्तर देते.

फी भरण्याआधी मुलाला किंवा मुलीला एक प्रश्न विचारा: "मोबाइलवर एखादी वेबसाइट उघडली की मधे काय काय घडतं?" हे त्यांना मराठीत, तुम्हाला समजेल असं सांगता आलं पाहिजे.

उत्तर थोडक्यात असं. फोन वायफायला जोडला की तो आधी पत्ता मागतो. घरचा राउटर त्याला पत्ता देतो. या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. तो पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. तुमच्या घरी आणि माझ्या घरी तोच पत्ता असू शकतो, जशी प्रत्येक चाळीत चार नंबरची खोली असते. बाहेरच्या जगात तो चालत नाही, म्हणून राउटर बाहेर जाताना स्वतःचा पत्ता लावतो. मग वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधावा लागतो. ते काम डीएनएसचं, आणि ही व्यवस्था १९८३ पासूनची आहे. पत्ता मिळाला की माहितीचे छोटे तुकडे गेटवेतून, म्हणजे गावच्या वेशीतून, बाहेर पडतात. रजिस्टर पोस्टासारखी पोच येत राहते. पोच आली नाही, तर तो तुकडा पुन्हा पाठवला जातो.

नवीन अॅडमिनचं रोजचं काम याच साखळीवर चालतं. फोन येतो, "नेट बंद आहे." तेव्हा क्रमाने बघायचं. केबलचा दिवा लागलाय का? मशीनला पत्ता मिळालाय का? गेटवेला पिंग केल्यावर उत्तर येतं का? बाहेरच्या एखाद्या आकडी पत्त्यावरून येतं का? आकड्याने येतं आणि नावाने येत नाही, तर डीएनएसकडे वळायचं. साखळी डोक्यात असेल, तर बिघाड कुठे आहे हे पाच-दहा मिनिटांत कळतं. नसेल, तर माणूस दिवसभर मशीन रीस्टार्ट करत बसतो.

मागे एकाच दिवशी दोन उमेदवार आले होते. दोघांना विचारलं, "मशीनवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतोय. काय समजाल?" पहिल्याकडे सर्टिफिकेट होतं, ओएसआय मॉडेलचे सातही थर त्याने एका दमात म्हणून दाखवले होते. इथे मात्र तो अडला. दुसरी मुलगी तालुक्याच्या गावची, मराठी माध्यमाची. इंग्रजीत चाचपडत होती, म्हणून मी मराठीत बोलायला सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, त्याने पत्ता मागितला, पण कुणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक लावून घेतला. आधी केबल बघीन. मग शेजारच्या मशीनला पत्ता मिळतोय का ते बघीन. त्यालाही नसेल, तर डीएचसीपी सर्व्हर तपासायला लागेल." आम्ही तिला घेतलं. सीसीएनए परीक्षा तिने नोकरी लागल्यावर दिली.

सर्टिफिकेट निरुपयोगी आहे, असं मी म्हणत नाही. मुलाखतीचं बोलावणं येण्यासाठी त्याचा उपयोग होतो. पण सीसीएनए तीन वर्षांत नूतनीकरणाला येतं, आणि पाठ केलेली उत्तरं त्याच्या कितीतरी आधी विसरतात.

मुलांना सर्वांत जास्त भीती वाटते सबनेटिंगची. त्याला लागतात फक्त दोनचे घात, जे सरांनी आपल्याकडून घोकून घेतले होते: दोन, चार, आठ, सोळा, पुढे २५६ पर्यंत. २५६ पत्त्यांचे चार सारखे भाग केले की प्रत्येकी ६४. त्यातला पहिला त्या जाळ्याची ओळख म्हणून आणि शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारण्यासाठी राखीव. यंत्रांना उरले ६२. आता सगळं क्लाउडवर गेलं, मग हे कशाला, असं मुलं विचारतात. क्लाउडमध्ये स्वतःचं जाळं उभारायला गेलात, तर पहिल्याच पानावर हाच हिशेब मांडावा लागतो.

सुरुवातीला खर्च फारसा नाही. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं, त्यात पडद्यावरच राउटर जोडून बघता येतात. वायरशार्कही फुकट आहे, त्यात जाणारे-येणारे तुकडे प्रत्यक्ष दिसतात. एक जुना लॅपटॉप आणि रोज एक तास, असे सहा महिने द्यावेत. लिनक्सची ओळखही याच काळात करून घ्यावी. त्यानंतर क्लास लावायचा असेल, तर खुशाल लावा. तेव्हा मुलाला कोणता प्रश्न विचारायचा हे कळलेलं असेल.

पालकांनी एक लक्षात ठेवावं, पहिली नोकरी झगमगाटाची नसते. शिडीवर चढून केबल ओढायची, तांब्याची केबल शंभर मीटरपुढे नेायची नाही हे लक्षात ठेवायचं, प्रत्येक टोकाला चिठ्ठी लावायची, रात्रपाळी करायची. पगार बेताचा असतो. पण ही दोन वर्षं डोळे उघडे ठेवून काढली, तर पुढे फायरवॉल, सुरक्षा, क्लाउड असे रस्ते फुटतात.

शेवटी मुख्याध्यापकांना एक विनंती. माझ्याकडे चालू स्थितीतले दोन जुने स्विच, एक राउटर आणि केबलला टोक लावायचं क्रिंपिंगचं हत्यार आहे. ते शाळेला द्यायचं आहे. संगणक कक्षातलं एक टेबल मिळालं, तर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी येईन. आपली मुलं आणि शाळेतली दहावी झालेली मुलं, कुणीही यावं. फी नाही. पहिल्या दिवशी केबल करायची, आणि ती चालली नाही तर का चालली नाही, हे मराठीत सांगायचं.