लिहिलेला पत्ता आणि वाचलेला पत्ता



संगणकाच्या जालातील पत्ता माणूस लिहितो तो अक्षरांत, उदाहरणार्थ, १२७.०.०.१. यंत्राला ही अक्षरे उपयोगाची नाहीत. त्याला हवा असतो बत्तीस बिटांचा एकच आकडा. १९८३ साली बर्कली येथून ४.२ बीएसडी ही प्रणाली निघाली, तिने सॉकेटची पद्धत रूढ केली आणि पत्त्यासाठी एक साचाही आखून दिला. मनीऑर्डरच्या फॉर्मासारखाच तो: पत्ता कोणत्या कुळातला, पोर्ट म्हणजे दार कितवे, आणि तो आकडा.

आकडा भरायचा कोणत्या टोकाकडून? इंटेलची यंत्रे लहान टोक आधी ठेवतात, जालाचा नियम मोठे टोक आधी. १९८० साली डॅनी कोहेन यांनी या तंट्याला स्विफ्टच्या गलिव्हरमधील अंडे फोडण्याच्या युद्धाचे नाव दिले. थट्टेची गोष्ट खरी. पण रकाना उलटा भरला, तर ८० क्रमांकाचे दार ठोठवायला निघालेला माणूस २०४८० वर जाऊन उभा राहतो!

जुने फंक्शन आयनेट-अ‍ॅड्र. पत्ता चुकीचा असला की ते उणे एक देते. आता मौज पाहा, बत्तीस बिटांत उणे एक आणि २५५.२५५.२५५.२५५ हा खरा पत्ता यांचे रूप एकच! नकाराला आणि एका पत्त्याला एकच शब्द ठेवणारा कारकून आपण नोकरीवर ठेवू का?

याहून घातक आहे ते आरंभीचे शून्य. जुनी फंक्शने शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीने वाचतात. म्हणजे ०१७७ हे १७७ नव्हे. चौसष्ट, छप्पन्न आणि सात मिळून १२७. समजा, दारावरच्या पहारेकऱ्याने शून्य गाळून ०१७७.०.०.१ हे १७७.०.०.१ असे वाचले. परका पत्ता, जाऊ द्या, म्हणाला. आतल्या कारकुनाने तेच १२७.०.०.१ असे वाचले, आणि हा तर यंत्राचा स्वतःचाच पत्ता! परक्याचा म्हणून सोडलेला निरोप थेट माजघरात पोहोचला. ही कल्पना नव्हे. २०२१ साली नेटमास्क नावाच्या, असंख्य प्रोग्रामांत वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत नेमका हाच दोष उघडकीस आला.

१९९७ पासून आयनेट-पीटॉन हे कडक फंक्शन लिखित नियमांत आहे. १२७.१ असा तोकडा पत्ता ते मान्य करीत नाही, आणि १२८ बिटांचे नवे पत्तेही वाचते. यशापयश ते वेगळे सांगते, पत्ता वेगळ्या जागी ठेवते. पायथॉन भाषेच्या पत्ते वाचणाऱ्या भागानेही २०२१ मध्येच आरंभीचे शून्य असलेला आकडा साफ नाकारायला सुरुवात केली.