हाताची फांदी

लोक हौसेनं साप पाळतात हे ऐकून तुमच्या कपाळावर आठी पडली असेल, तर ती माझ्याही पडली होती. माझी धाकटी बहीण इंग्लंडमध्ये बर्मिंगहमला राहते. तिच्याकडे गेले, तर तिच्या बारा वर्षांच्या मुलानं दारातच सांगितलं, "खाला, माझ्याकडे साप आहे." मी हसले. वरच्या खोलीतली काचेची पेटी पाहिली आणि हसू पळालं.

साप 'कॉर्न स्नेक' जातीचा. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, उंदरांवर जगणारा. तिकडे पाळायला बरेच जण हाच पसंत करतात. पिल्लू जेमतेम फूटभर लांब, पेन्सिलीएवढं जाड, नारिंगी अंगावर तांबडे डाग. पण पेटीत हात गेला की शेपटी थरथरवायचं, मान वळवून झेप घ्यायचं. भाच्याला दोनदा चावलंही होतं. टाचणी टोचावी एवढंच. पण पोर खट्टू झालं होतं. "त्याला मी आवडत नाही," म्हणाला. बहिणीनं तर निर्वाणीचं सांगितलं होतं, महिनाभरात शांत झालं नाही, तर दुकानात परत.

शनिवारी आम्ही त्या दुकानदाराकडे गेलो. त्यानं एकच विचारलं, "दिवसातून किती वेळा बाहेर काढतोस?" भाचा म्हणाला, "शाळेतून आल्यावर, जेवणाआधी आणि झोपताना." दुकानदार हसला. "अरे, ते चिडकं नाही. घाबरलंय."

मग त्यानं समजावलं. रानात एवढंसं पिल्लू म्हणजे पक्ष्यांचा घास. वरून जे येतं, ते त्याला पंजासारखंच वाटणार. म्हणून आधी आठवडाभर हात लावायचाच नाही. फक्त पाणी बदलायचं. पेटीत लपायला दोन जागा हव्यात, एक उबदार बाजूला, एक गार बाजूला. सापाला ऊब बाहेरून मिळवावी लागते, आणि उबेसाठी लपणं सोडायची वेळ त्याच्यावर येऊ नये. गोठवलेला मेलेला छोटा उंदीर पूर्ण वितळवून चिमट्यानं द्यायचा. पिल्लानं दोनतीनदा नीट खाल्लं की मगच हाताळायला सुरुवात. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला उचलायचं नाही, नाहीतर खाल्लेलं उलटून टाकतं. डोळे निळसर, दुधाळ दिसू लागले की कात टाकायची वेळ आली. तेव्हा त्याला धड दिसत नसतं, म्हणून तेव्हाही नाही.

उचलायचं कसं? आधी हात साबणानं धुवायचे. उंदराचा वास राहिला, तर बोटालाच खाऊ समजेल. हात बाजूनं, सावकाश न्यायचा आणि पोटाखालून मध्यावर आधार द्यायचा. डोकं धरायचं नाही, शेपटी ओढायची नाही, मुठीत आवळायचं नाही. ते सरकेल तसा एका हातापुढे दुसरा हात ठेवायचा. "तुझा हात म्हणजे फांदी आहे असं त्याला वाटू दे," तो म्हणाला. पाच मिनिटं झाली की शांत असतानाच परत ठेवायचं. चावलंच तर हिसडा द्यायचा नाही. त्याचे बारीक दात मोडतात. स्थिर राहिलं की सोडतं. शेवटी पुन्हा हात धुवायचे, कारण सापांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांना तर हातच लावू द्यायचा नाही.

पोराला सगळ्यात जड गेलं, ते काहीच न करणं. तो रोज पेटीजवळ बसून गृहपाठ करायचा. चौथ्या आठवड्यात त्यानं मला बोलावलं. "खाला, हात वरून नको आणूस. आणि हलवू नकोस." पिल्लू माझ्या तळव्यावर आलं. रेशमी धाग्यासारखी जीभ बोटाला लागली, न लागली. शेपटी शांत होती. "त्याला मी आवडतो का?" भाच्यानं विचारलं. मी म्हटलं, "ते ठाऊक नाही, बेटा. पण आता त्याला तुझी भीती वाटत नाही." दारात उभी असलेली बहीण म्हणाली, "आपा, राहू दे आता ते."

मात्र हे सारं तिथलं. आपल्याकडे सापडलेलं पिल्लू उचलायचं नाही. आपले साप पकडून घरात ठेवायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे. शिवाय नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांची पिल्लं जन्मतःच विषारी असतात. घोणशीचं पिल्लू तर अजगराचं समजून लोक उचलतात आणि जिवावर बेततं. तसं झालं, तर वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठायचं.

माझ्या लहानपणी कोकणातल्या आमच्या अंगणात एक छोटा साप काठीनं मारला होता. दिवड होता, बिनविषारी. हे मला फार उशिरा कळलं. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघराच्या पायरीशी तेवढंच एक पिल्लू दिसलं. कुणाचं, ओळखता आलं नाही. शेजारची मुलं काठी घेऊन आली. मी त्यांना मागं थांबवलं, लांबूनच पिल्लावर नजर ठेवली आणि सर्पमित्राला फोन केला. तो येईपर्यंत अर्धा तास आम्ही कुणी हललो नाही. तेही हललं नाही.