आमदाराचें मत आणि पक्षाचें तत्त्व



निवडणूक जवळ आली म्हणजे उमेदवार कोणत्या जातीचा, कोणत्या गांवचा, त्यानें कोणता रस्ता करून दिला, याची चर्चा गांवोगांवच्या पारावर पुष्कळ होते. परंतु मागील पांच वर्षांत विधानसभेंत त्यानें कोणत्या प्रश्नावर कोणत्या बाजूनें मत दिलें, आणि तें मत त्याच्या पक्षाच्या जाहीर तत्त्वांशीं जुळतें कीं नाहीं, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः कायदे करणें हें ज्याचें मुख्य काम, त्याची परीक्षा त्याच कामांत व्हावयास पाहिजे. ही परीक्षा कशी घ्यावी, याविषयीं आज थोडें बोलावें असा माझा मानस आहे.

मी गंगाखेड तालुक्यांतील राणीसावरगांवचा राहणारा. माझें आयुष्य मुलांना शिकविण्यांत आणि त्यांच्या उत्तरपत्रिका तपासण्यांत गेलें. परीक्षकाचा पहिला नियम असा कीं, कोणत्या उत्तरास किती गुण द्यावयाचे हें त्यानें आधीं ठरवावें आणि विद्यार्थ्याचें नांव मागाहून पहावें. नांव आधीं पाहिलें कीं, आवडत्या मुलाची चूक ती नजरचूक ठरते आणि नावडत्याची तीच चूक अज्ञान ठरते. लोकप्रतिनिधींची पारख करतांना नेमकें असेंच घडतें. याचें एक बोधप्रद उदाहरण आपल्या महाराष्ट्रीय राजकारणांत सुमारें शंभर वर्षांपूर्वीं घडून गेलें आहे.

१९२२ च्या अखेरीस गया येथील अधिवेशनांत काँग्रेसनें कायदेमंडळांवरील बहिष्कार कायम ठेवला. तो ज्यांना मान्य नव्हता त्यांनीं देशबंधु चित्तरंजन दास व पंडित मोतीलाल नेहरू यांच्या नेतृत्वाखालीं १९२३ च्या आरंभीं स्वराज्य पक्ष स्थापन केला. त्या पक्षाचें तत्त्व थोडक्यांत असें होतें: कायदेमंडळांत जावयाचें तें सरकारचा कारभार चालविण्यासाठीं नव्हे, स्वराज्याची मागणी सरकारनें नाकारल्यास एकसारखा व अखंड अडथळा करून तो कारभार अशक्य करण्यासाठीं, आणि सरकारनें देऊं केलेलें अधिकारपद कोणीं स्वीकारावयाचें नाहीं.

त्या काळीं आमचा परभणी जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. प्रतिनिधि निवडून राज्यकारभारास जाब विचारणें ही गोष्ट आमच्या वाडवडिलांच्या वांट्यास आली नव्हती. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाडांत मात्र, मताधिकार मर्यादित असला तरी, निवडणुका होत होत्या. नोव्हेंबर १९२३ च्या निवडणुकींत मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळांत स्वराज्य पक्षास स्पष्ट बहुमत मिळालें. पक्षानें मंत्रिपदें नाकारलीं, आणि १९२४ सालीं अंदाजपत्रक फेटाळून मंत्र्यांचें वार्षिक वेतन अवघे दोन रुपये ठेवलें. अखेर मंत्र्यांकडील खातीं गव्हर्नरास आपल्या हातीं घ्यावीं लागलीं. बोलणें आणि मत यांचा मेळ येथें पूर्ण बसला होता.

परंतु त्याच वर्षीं दिल्लीच्या वरिष्ठ कायदेमंडळांत निराळा प्रसंग आला. फेब्रुवारींत मोतीलालजींचा राउंड टेबल परिषदेच्या मागणीचा ठराव ७६ विरुद्ध ४८ मतांनीं मंजूर झाला. पुढें जून महिन्यांत देशी पोलादाच्या धंद्यास संरक्षण देण्याचें बिल आलें. जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्याचें भवितव्य त्यावर अवलंबून होतें. बिल सरकारचें होतें, तरी स्वराज्य पक्षानें त्यास पाठिंबा दिला. हा तत्त्वभंग म्हणावा काय? अखंड अडथळा या शब्दांकडे पाहिलें तर होय. परंतु अडथळा हें साधन होतें आणि राष्ट्राचें हित हें साध्य होतें, हें ध्यानांत घेतलें तर त्या मतास दोष देणें कठीण आहे.

पुढें ऑक्टोबर १९२५ मध्यें खरा वाद पेटला. अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे हे स्वराज्य पक्षाचे सभासद व मध्यप्रांत कायदेमंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनीं गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळांतील जागा स्वीकारली. मोतीलालजी संतप्त झाले आणि त्यांनीं पक्षाचा रोगट अवयव कापून टाकण्याची भाषा वापरली. उलट पुण्याचे नरसिंह चिंतामण केळकर, मुंबईचे मुकुंदराव जयकर आणि नागपूरचे डॉक्टर मुंजे हे तांब्यांच्या बाजूनें उभे राहिले. त्यांचा सवाल असा होता कीं, विठ्ठलभाई पटेल हे ऑगस्ट १९२५ मध्यें वरिष्ठ कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले, स्वतः मोतीलालजींनीं लष्करी शिक्षणाविषयींच्या सरकारी स्कीन समितींत जागा घेतली. तें जर चालतें, तर तांब्यांनींच काय अपराध केला?

आतां गुणांची वांटणी आधीं ठरवून हे तिन्ही पेपर तपासूं. नियम होता तो सरकारनें दिलेलें पद न घेण्याचा. विठ्ठलभाईंचें पद सभागृहानें निवडून दिलेलें होतें. म्हणून त्यांची गोष्ट निराळी. स्कीन समितीची नेमणूक मात्र सरकारची होती. ती कार्यकारी सत्तेची जागा नव्हती हें खरें, तरी तेथें नियम वांकला होता हें प्रामाणिक परीक्षकानें लिहिलेंच पाहिजे. तांब्यांची जागा तर प्रत्यक्ष राज्यकारभारांतील होती, आणि तीच नाकारण्याच्या वचनावर त्या प्रांतांतील मतदारांनीं पक्षास बहुमत दिलें होतें. तेव्हां तिघांत मोठा भंग तांब्यांचा होय. परंतु लहान भंगाकडे डोळेझांक करून मोठ्यावर तुटून पडण्याचा अधिकार कोणास पोहोंचत नाहीं.

केळकर-जयकरांचें म्हणणें चुकीचेंच होतें असें मात्र मी म्हणत नाहीं. सरकार जितकें देईल तितकें घ्यावें व उरलेल्यासाठीं भांडावें, हा प्रतियोगी सहकारितेचा मार्ग लोकमान्य टिळकांनीं १९१९ च्या अमृतसर काँग्रेसच्या वेळीं पुरस्कारिला होता. धोरण बदलणें हें पाप नव्हे. मतदारास न विचारतां तें बदलणें हा दोष होय. आणि येथेंच या तिघांचें वर्तन अनुकरणीय वाटतें. स्वराज्य पक्षाच्या नांवावर मिळालेल्या कायदेमंडळांतील जागांचे राजीनामे त्यांनीं दिले, निराळा प्रतिसहकार पक्ष काढला, आणि आपलें मत उघडपणें लोकांपुढें मांडलें. ज्याचें मत पालटतें त्यानें मतदारांची ठेव परत करावी आणि मग नव्यानें मागावी, हा त्यांतील धडा आहे.

आजची परिस्थिति पुष्कळ बदलली आहे. १९८५ सालीं घटनेस दहावें परिशिष्ट जोडलें गेलें. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणारा, किंवा मतदानास गैरहजर राहणारा सभासद, पक्षानें पंधरा दिवसांत त्यास क्षमा न केल्यास, अपात्र ठरूं शकतो. घाऊक पक्षांतरास आळा घालण्याचा हेतु चांगला होता. परंतु त्यामुळें सभासदाचें मत हें त्याच्या विवेकाची साक्ष राहिलें नाहीं; बहुतेक वेळां तें पक्षाच्या आदेशाची साक्ष असतें. १९९२ च्या किहोटो होलोहान प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें या बंधनाची व्याप्ति विश्वासदर्शक ठरावासारखे प्रसंग, आणि ज्या कार्यक्रमावर पक्षानें मतें मागितलीं त्याचे प्रश्न, एवढ्यापुरती असावी असें मत दिलें. महाराष्ट्राच्याच सुभाष देसाई प्रकरणीं, ११ मे २०२३ रोजीं, त्याच न्यायालयानें प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा आहे असें ठरविलें. म्हणजे आदेशाचें मूळ मतदारांपुढें ठेवलेल्या तत्त्वांत शोधावयाचें, ही दृष्टि न्यायालयासही अमान्य नाहीं.

म्हणून आपल्या आमदाराची पारख करतांना मी चार गोष्टी पहाव्या असें सुचवितों. पक्षाचा जाहीरनामा मतदानाच्या आधींचा घ्यावा, नंतरचीं समर्थनें घेऊं नयेत. मत देतांना आदेश होता कीं सभासद मोकळा होता, हें पहावें. आवाजी मतदानांत नांवें नोंदलीं जात नाहींत. म्हणून तेथें त्यानें विचारलेले प्रश्न, सुचविलेल्या दुरुस्त्या व केलेलीं भाषणें पहावीं. आदेशापुढें मान तुकविणाऱ्यासही बोलण्याची बंदी नसते. आणि चौथें, त्यानें परत येऊन आपल्या मताचें कारण मतदारांस सांगितलें काय, हें विचारावें. या कसोट्या आपल्या आवडत्या पक्षास आधीं लावाव्या, मग दुसऱ्यास.

मराठवाड्यांतील माणसास प्रौढ मताधिकारानें आपला प्रतिनिधि निवडण्याची पहिली संधि १९५२ सालीं मिळाली. जी वस्तु इतक्या उशिरां हातीं आली, ती निवडणुकीच्या एका दिवसापुरती वापरून पुढें पांच वर्षें विसरून जाणें आपणांस परवडणारें नाहीं. पिकाच्या भावाचा, पाण्याचा, शाळेचा जो कायदा होतो, तो आपल्याच नांवानें दिलेल्या मतांनीं होतो. आपल्या नांवानें कोणतें मत पडलें, हें विचारणें आपलें कर्तव्य आहे. आणि विचारणारा मतदार आहे हें ठाऊक असलें म्हणजे मत देणाराही जपून देतो.