नाकातली भाऊबंदकी

माणसाच्या नाकात जिवाणूंना खायला फारच थोडं मिळतं. त्यामुळे तिथे जागेसाठी आणि घासासाठी सतत झुंज चाललेली असते. त्या झुंजीतलं एक हत्यार जर्मनीतल्या ट्युबिंगन विद्यापीठातल्या आंद्रेआस पेशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली जगापुढे आणलं.

स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू कित्येक धडधाकट माणसांच्या नाकात मुक्काम ठोकून असतो. शस्त्रक्रियेची जखम तो चिघळवतो, रक्तात शिरला तर जिवावर उठतो. त्याचे काही प्रकार तर मेथिसिलिनसारख्या प्रतिजैविकांनाही दाद देत नाहीत. त्याचाच एक भाऊबंद म्हणजे स्टॅफिलोकोकस लुगडुनेन्सिस. प्रयोगशाळेतल्या बशीत दोघांना शेजारी शेजारी वाढवलं, तर ऑरियसची वाढ खुंटते. कारण हा भाऊबंद लुगडुनिन नावाचं कड्याच्या आकाराचं छोटं पेप्टाइड तयार करतो.

मग संशोधकांनी रुग्णालयातल्या १८७ रुग्णांची नाकं तपासली. ज्यांच्या नाकात लुगडुनेन्सिस नव्हता, त्यांच्यापैकी ३४.७ टक्के जणांकडे ऑरियस सापडला. ज्यांच्या नाकात लुगडुनेन्सिस होता, त्यांच्यापैकी फक्त ५.९ टक्के जणांकडे. उंदरांच्या त्वचेवर ऑरियसचा संसर्ग झाला असता लुगडुनिन लावून तो आटोक्यात आला. आणखी मोलाची गोष्ट म्हणजे, प्रयोगशाळेत सलग महिनाभर थोडं थोडं लुगडुनिन देऊनही ऑरियसला त्याची सवय जडली नाही. रिफाम्पिसिन या प्रतिजैविकाला मात्र तो काही दिवसांतच पुरून उरला.

जिवाणूंची अशी पेप्टाइडं माणसाच्या पोटात पूर्वीपासूनच जात आहेत. चीज टिकवण्यासाठी वापरलं जाणारं निसिन दुधातला जिवाणूच बनवतो. शत्रूच्या पेशीभिंतीसाठी लागणारा कच्चा माल धरून ते त्याच्या पटलाला भोकं पाडतं. पण आतड्यातली पाचकद्रव्यं निसिनचे तुकडे करून टाकतात; म्हणून पोटात घेण्याचं औषध म्हणून त्याचा निभाव लागत नाही. मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं डॅप्टोमायसिन मात्र २००३ सालापासून शिरेवाटे दिलं जातं आणि गंभीर संसर्गात उपयोगी पडतं. म्हणजे अशा पेप्टाइडांना औषध होण्याचा मार्ग आहे.

लुगडुनेन्सिसला सरसकट नाकात सोडता येणार नाही, कारण क्वचित तोही हृदयाच्या झडपांना संसर्ग करतो. म्हणून पेशेल यांच्या गटाने दुसरा विचार मांडला: लुगडुनिन बनवणारी जनुकं एखाद्या निरुपद्रवी जिवाणूत घालायची आणि ज्या रुग्णांना ऑरियसचा धोका आहे, त्यांच्या नाकातला पहारा त्याच्याकडे सोपवायचा.